पिंपळपानाच्या जागी

भुताखेताच्या गोष्टी मी कधी मनावर घेतल्या नाहीत. आमच्या घरी छप्पनच्या धम्मदीक्षेपासून देवदेवस्की बंद, त्यात माझा धंदा डीटीपीचा... दिवसभर लोकांच्या फोटोंमागे खोटे ढग आणि खोटी फुलं लावणारा माणूस मी, मला कोण चकवणार? माज होता तो, आज कबूल करतो.

२००९ साल. देवरीत चिचगड रोडला माझं छोटं दुकान होतं – एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि तासातासाला रुसणारं इंटरनेट. आमच्या समाजातल्या काही मंडळींनी नागपूरहून वेबसाईट सुरू केली होती. वधू-वर, नोकरीच्या जागा, कार्यक्रमांच्या बातम्या, आणि कडेला जाहिरातींचे बॅनर – कोचिंग क्लास, मंडप डेकोरेशन, स्मृतिदिनाचं अभिवादनसुद्धा. आमच्या भागातले बॅनर मी बनवून मेलने पाठवायचो. तिकडे मेश्राम सर ते तपासून साईटवर चढवायचे. सर सरकारी खात्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन. इतके काटेकोर की एका बाजूची रेघ जरा जाड दिसली तरी बॅनर परत!

एका बाजाराच्या दिवशी सकाळी सुजाता आली. चिचगडकडच्या एका शाळेत ती शिक्षिका होती. सोबत तिचे वडील, सुखदेवकाका. ते दाराजवळच्या स्टुलावर गुपचूप बसून राहिले.

"दादा, मायच्या स्मृतिदिनाचा बॅनर पायजे. पण फोटो नाही."

"एकही नाही?"

"एकबी नाही. मी अकरा महिन्यांची असताना माय तापानं गेली. कशी दिसे, मले माहीतच नाही. बाबाले विचारलं का बाबा उठून बाहेर जाते."

काकांनी मान खाली घातली. मला वाईट वाटलं, पण धंद्याची सवय वाईट... मी तोऱ्यात सांगून टाकलं, की फोटो नसेल तरी आम्ही बनवून देतो. मावशीचे डोळे, मामाचं नाक, तुझी हनुवटी – जोडकाम असं करतो की सख्ख्या भावालाही कळत नाही. आमच्याकडे असे कितीतरी फोटो हार घालून भिंतीवर लागलेत.

सुजाता म्हणाली, "उसनी माय कायले, दादा? त्यापरीस जागा रिकामी राहू द्या."

मग मी अंडाकृती चौकट केली आणि आत फक्त एक पिंपळपान ठेवलं. खाली 'शेवंता – विनम्र अभिवादन'. तिला आवडलं. तिच्यासमोरच मेल केला. प्रिंट दुपारी नेतो म्हणून बापलेक बाजारात गेले.

दुपारी ते परत येऊन टेकतात तोच सरांचा फोन.

"जयभीम. बॅनर झकास झालाय, फक्त बाईंचा फोटो सुधारून पाठवा."

"कोणता फोटो सर? त्यात पान आहे."

"पान कसलं? शेवंता नाव ना? माझ्या समोर उघडा आहे बॅनर. पंचविशीची बाई, डाव्या भुवईत चीर, मान जराशी तिरपी. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत, त्यातले दोन गडद आणि तिसरा अगदीच फिका. स्कॅनिंग नीट करत जा हो!"

मला हसूच आलं. फोन कानाला तसाच ठेवून मी थट्टेने म्हणालो, "घ्या! सर दुसऱ्याच कोणाचा बॅनर बघून राहिले. म्हणे भुवईत चीर, हनुवटीवर तीन ठिपके, तिसरा फिका..."

काका उठले. माझं मनगट घट्ट धरून म्हणाले, "तिसरा फिका? थो असा बोलला?"

"हो. का?"

"गोंदणारीण तिसरा ठिपका देऊन राहिली होती. दुखलं तशी शेवंता उठून पळाली. थो अर्धाच राहिला. जवळून पाह्यल्याबिगर दिसेच ना."

 मी सरांना म्हटलं, बॅनर बंद करून पुन्हा उघडा. त्यांनी उघडला. मग सर अगदी हळू म्हणाले, "आता... पान आहे."

नंतर आम्ही दोघांनी काय काय तपासलं नाही? त्यांचे सगळे मेल, त्या आठवड्याचे सगळे बॅनर. तीन ठिपक्यांची बाई कुठेच नव्हती. सर चिचगडला कधी आलेले नाहीत. रेषा काढण्यात आयुष्य गेलेला माणूस, पण तो चेहरा त्यांना कागदावर उतरवता आला नाही. चार वेळा काढला आणि फाडला म्हणाले. फाईल माझ्याकडे अजून आहे, आत पिंपळपानच आहे. मला काही म्हणजे काही उलगडलेलं नाही, आणि खरं सांगतो, आता उलगडावं असंही वाटत नाही.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. फोन ठेवला तेव्हा काका परत स्टुलावर बसले होते आणि सुजाता त्यांच्या पायाशी खाली फरशीवर. ती रडत होती, रागावलीही होती.

"बाबा, एवढी वर्षं काऊन नाही सांगतलं मले?"

"काय सांगू पोरी?" काका म्हणाले. "मी चेहरा विसरलो होतो तिचा. तू विचारत जाय, अन् मी डोळे मिटून पाहो, तर काहीच दिसे ना. नवरा असून विसरलो, हे कोणत्या तोंडानं सांगू? लाज वाटे... म्हणून उठून जाओ."

सुजाताने त्यांचा हात हातात घेतला.

"अन् आता?"

"आता दिसून राहिली," काका म्हणाले, आणि पहिल्यांदा आपल्या पोरीला तिची माय सांगू लागले.