निघतानाची शिदोरी

लातुरातले क्लासवाले निकालावर आणि फ्लेक्सवर विश्वास ठेवतात. आमचे सर, व्यंकटराव, त्याशिवाय नव्याकोऱ्या वस्तूंवरही ठेवायचे, म्हणून त्यांचं आणि वीरभद्रचं कधी जमलं नाही. मी तिथं रसायनशास्त्र शिकवायचो आणि वीरभद्र संगणकांची खोली सांभाळायचा. कुणीतरी टाकून दिलेली यंत्रं आणून त्यानं ती उभी केली होती. एकातही डिस्क नव्हती. सगळा संसार एका सर्व्हरवर, बाकीची यंत्रं तारेवरून त्याच्याकडून मागून खायची. मागून खाणाऱ्याला नखरे नसतात, असं तो म्हणायचा.

नखरे निघाले. प्रवेश परीक्षा संगणकावर होऊ लागल्या, तेव्हा आमची पहिली सराव परीक्षा रविवारी ठरली. आदल्या दिवशी वीरभद्रनं सर्व्हरवरची प्रणाली नवी केली आणि सगळ्या पडद्यांवर एकच ओळ आली, नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर सापडत नाही. फर्मवेअर म्हणजे कार्डाला कामाला लावणारी बारकी फाइल. ती नसेल तर कार्ड नुसता ठोकळा. सर आले, बघून शांतपणे म्हणाले की संध्याकाळपर्यंत चालली नाहीत तर हे भंगारात जाईल, नवी यंत्रं येतील आणि ती सांभाळायला कंपनीचाच माणूस येईल. वीरभद्रचं काय, हे ते बोलले नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला, पण पगार मलाही तेच द्यायचे.

वीरभद्र हट्टाला पेटला. "सर, फाइल ही काय हाय की. डोळ्यानं दिसायलीय," असं म्हणून तो मला सर्व्हरवरची फाइल पुन्हा पुन्हा दाखवायचा. मी मान डोलवायचो.

दुपारी त्याची आई, पार्वतीबाई, भाकरी घेऊन एसटीनं आली. औशाकडच्या त्यांच्या गावाचं भूकंपानंतर पुनर्वसन झालं, तिथं ती एकटी राहायची. भूकंपात वीरभद्रचे वडील गेले. झोपेतच गेले, असं त्याला लहानपणापासून सांगितलेलं. लेकाचं तोंड उतरलेलं बघून तिनं काय बिघडलं ते विचारलं. तो वैतागूनच सांगू लागला. यंत्र उठलं की कार्ड आधी अंगच्या तुटपुंज्या बळावर सर्व्हरकडून एक छोटी शिदोरी आणतं आणि पुन्हा झोपतं. त्या शिदोरीच्या बळावर यंत्र कार्डाला नीट जागं करतं आणि मग त्याच वाटेनं सर्व्हरच्या घरात शिरतं.

"अन् कार्डाला जागं करायची फाइल..." तो अडखळला. "अव्वा, ती म्या घरातच ठेवलीय."

प्रणाली नवी करताना शिदोरी हलकी व्हावी म्हणून यानंच ती फाइल तिच्यातून काढली होती. पुढचं काम किरकोळ होतं. त्यानं फाइल घालून शिदोरी पुन्हा बांधली, एक यंत्र सुरू केलं आणि पडदा उजळला. मी आनंदानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. तोही हसत आईला सांगू लागला की उजेड आत अन् माणूस बाहेर, अशी गत झाली होती.

ती हसली नाही. "तुझ्या आप्पाचंबी तसंच झालं," म्हणाली.

मग तिनं सांगितलं. पहिल्या हादऱ्याला दोघं बाहेर पडली होती. अंधार गुडूप. पोरगं कुठं दिसेना. कंदील आत खुंटीला होता, तो आणायला आप्पा पुन्हा आत गेले आणि वरून माळवदाचं मातीचं छत आलं.

"मला हुडकायला?" वीरभद्रनं विचारलं.

"हाव. तू गणपती बुडवून आलेल्या पोरांसंगं मंडपात निजला व्हतास. लई बारका व्हतास रं. तुला कसं सांगावं?"

वीरभद्र तिच्याजवळ फरशीवर बसला आणि तिचा हात धरून रडला. मी उठून उरलेली यंत्रं एकेक करून सुरू केली. थोड्या वेळानं सर दारात आले, सगळे पडदे चालू बघून खूश झाले आणि त्याला शाबासकी देऊन गेले. त्याला ते ऐकूही आलं नाही.