रिकाम्या खुर्चीची हजेरी

मुक्ताने, माझ्या लेकीने, विद्यापीठाच्या ऑनलाइन वर्गात लॉगिन केलं होतं. पडद्यावर सर बोलत होते आणि समोरची खुर्ची रिकामी! मला संशय आलाच. तेवढ्यात पडद्यावर चौकट उगवली, ‘आपण उपस्थित आहात का?’ खाली सेकंद उलटे पळू लागले. हजेरी बुडाली तर परीक्षेला बसू देत नाहीत. मी झटकन ‘हो’ दाबलं. कॉलेजात मित्रांसाठी आवाज बदलून ‘हजर’ म्हणायचो, त्याच चपळाईने. यंत्र कितीही संशयी असो, त्याला माणूस लागत नाही, बोट पुरतं.

“बाबा, मी गॅलरीत हेडफोन लावून ऐकत होते. दाबायलाच येत होते,” मागून मुक्ता म्हणाली. हातातली वही भरलेली. “पण तुमचा हात बराच बसलेला दिसतोय!”

तेव्हापासून लॉगिन केलं, की ती आधी माझ्या बोटांकडे बघते.