मालक येईपर्यंत

मला राग लवकर येतो. आमच्या पाड्यावर हे सगळ्यांना ठाऊक आहे, अंगणवाडीतल्या माझ्या चिमुरड्यांनासुद्धा. कोर्टात त्या दिवशी राग गिळला असता तर मी संध्याकाळी घरी असते. पण ते पुढचं झालं. आधी राखणीचं सांगायला हवं, म्हणजे मी त्या गाडीपाशी का बसले होते ते कळेल. पोलीस ठाण्यात मी परोपरीने सांगितलं, तिथे कोणालाच कळलं नाही.

आमच्याकडे, झरीच्या बाजूला, रस्त्याकडेला किंवा बांधावर कुणाचं काही पडून राहिलं, म्हणजे गवताचा भारा, लाकडाची मोळी, हल्ली बंद पडलेली मोटरसायकल, तर त्याच्याजवळ एक हिरवी फांदी जमिनीत रोवायची आणि तिला गवताची गाठ मारायची. ही खूण. खूण दिसली की त्या वस्तूला कोणी हात लावत नाही. ज्याने खूण लावली त्याने मालक येईपर्यंत लक्ष ठेवायचं आणि राखण संपली की आपल्याच हाताने ती उपटायची. दुसऱ्याने उपटली तर ती चोरी. माझ्या सासऱ्यांनी मला हे नवी नवरी असताना शिकवलं. त्यांना मी मामा म्हणते. पुढे नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि मामांची नजर हळूहळू पार गेली. घरात आम्ही दोनच माणसं उरलो. मामा काठीने चाचपडत अंगणापासून बांधापर्यंत जायचे आणि परत यायचे, तेवढंच त्यांचं जग. बाकी सगळं माझ्यावर.

गणपती नुकतेच गेले होते. सुट्टीचा दिवस, दुपार व्हायची होती. मी चुलीवर भात ठेवला आणि मामांना म्हटलं, "उकळीचा आवाज आला की लाकूड मागे ओढा, मी गवत घेऊन आत्ता आले." बांधावर पोचते तोच एक छोटा टेम्पो खोकत खोकत आमच्या शेताला लागून थांबला. मागे चिकूच्या जाळ्या. चालक उतरला, बॉनेट उघडलं, कपाळावर हात मारला आणि मला म्हणाला, "बेन, जरा ध्यान राखजो. मेकॅनिकला घेऊन येतो, अभी आया." एका दमात तीन भाषा, आमच्या राज्यसीमेवर हे रोजचंच. येणाऱ्या एका मोटरसायकलला हात करून तो गेलासुद्धा.

मी हो म्हटलं होतं. ऐनाची फांदी तोडली, चाकाजवळ रोवली, गाठ मारली आणि बांधावर बसले. चिकूच्या जाळ्या डहाणूच्या दिशेने का निघाल्यात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. जिथे घराघरामागे चिकूच्या वाड्या, तिथे बाहेरून चिकू कोण नेईल? हे मला कोठडीत सुचलं आणि मी एकटीच हसले. अंगणवाडीतलं पोरही हे ओळखेल.

मेकॅनिकच्या जागी पोलिसांची जीप आली. "गाडी कोणाची?"

"मालक येतोय."

"तू कोण?"

"मी राखणीला बसलेय."

हवालदार गाडीवर चढायला लागला तशी मी उठून आडवी आले. "खूण आहे, दिसत नाही का? मालक आल्याशिवाय हात लावायचा नाही." ते सगळे हसले. हवालदार म्हणाला, "ही तर स्वतःच सांगतेय." चिकू फक्त वरच्या थरात होते. खाली सीमेपलीकडच्या केंद्रशासित मुलखातल्या स्वस्त दारूचे खोके.

मी विनवलं की घर ते समोर दिसतंय, म्हाताऱ्याला सांगून येते, चुलीवर भात आहे. "लवकर सोडू, बस," म्हणाले. जीप वळली तेव्हा आमच्या कौलांतून धूर निघत होता. मामांना उकळीचा आवाज आला असेल, असं मी मनाला सांगत राहिले.

ठाण्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या पडवीत मला बसवलं आणि खोके उतरवायला घेतले. शेतात जेवढे दिसले होते तेवढे काही उतरले नाहीत. वाटेत जीप एका ढाब्यामागे थांबली होती, ते मला आठवलं. मी तोंड उघडणार इतक्यात शेजारची महिला पोलीस खाली बघतच पुटपुटली, "ताई, तू मोजू नको." बाई वाईट नव्हती. तिने मला तिच्या डब्यातली भाकरी दिली. ती हातात घेतली आणि मला मामा आठवले. त्यांना ताट कोणी वाढलं असेल? मी भाकरी पदरात बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच चालक ठाण्यात शिरला. माझ्या जिवात जीव आला. राखलेल्या वस्तूचा मालक आला, आता तो दोन शब्द बोलेल आणि मी जाईन. आमच्याकडे असंच असतं. मी कोठडीच्या गजाला धरून ओरडले, "अहो! इकडे! तुमची गाडी मी राखली! यांना सांगा!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं, यात शंका नाही. मग तो हवालदाराच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. त्याच्यासाठी चहा आला, त्याने बशीत ओतला, फुंकर घातली आणि प्यायला. पुन्हा एकदाही वळून पाहिलं नाही. हवालदार मला म्हणाला, "कोणाला हाका मारतेस? पाहुणे आहेत ते आमचे."

मला अटकेचं दुःख झालं, पण हे जास्त लागलं. त्या बशीच्या फुर्र आवाजाने मी आतून तुटले. आजही कोणी बशीतून चहा प्यायला तर मी उठून जाते.

कोर्टात न्यायच्या आधी हवालदार मवाळ झाला. म्हणाला, "हे बघ, कोर्टातले साहेब विचारतील, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. नाही म्हणायचं. मग जामिनाला आमची हरकत नाही. संध्याकाळी तू घरी, तुझा म्हातारा खूश, आम्ही खूश." मी मान हलवली. खरंच ठरवलं होतं. डहाणूच्या वाटेवर गंजाडच्या बाजूची भातशेतं दिसत होती आणि मी मनात एकच शब्द घोकत होते, नाही, नाही, नाही. मामांच्या पोटात अन्न जायचं तर एवढाच शब्द लागणार होता.

साहेबांनी विचारलं. वर पंखा करकरत होता. मी दाराकडे पाहिलं, हवालदार उभा होता, आणि त्याच्यामागे व्हरांड्यात तो चालक, खांबाला टेकून, तंबाखू मळत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "तक्रार आहे, साहेब. मी गाडी राखत होते. तिचा मालक ठाण्यात बसून चहा प्यायला. आता तो तिथे बाहेर उभा आहे."

साहेबांनी मान वर केली, काहीतरी लिहिलं. बाहेर पाहिलं तेव्हा खांबापाशी कोणी नव्हतं. मग सरकारी वकील बोलले की मोठी टोळी आहे, तपास व्हायचा आहे, बाईला सोडलं तर पळेल. मी पळेन! माझ्या घरी एक आंधळा माणूस, दोन कोंबड्या आणि कापायला आलेलं भात. मी कुठे पळणार?

तुरुंग लांब होता, दुसऱ्या जिल्ह्यात. बायकांच्या बरॅकीत आम्ही दाटीवाटीने झोपायचो, कूस बदलायची तर शेजारणीलाही बदलावी लागायची. पण इतकी एकटी मी कधीच नव्हते. नवरा गेला तेव्हासुद्धा नाही, तेव्हा मामा होते. सकाळी गिनती, म्हणजे डोकी मोजायची, मग चहा, मग लांबच लांब दिवस, सूर्य डोक्यावरून ढळला की पुन्हा गिनती आणि बंदी, म्हणजे बरॅकीला कुलूप. ज्यांच्याकडे पैसे त्यांना कँटीनचं बिस्कीट, साबण, खिडकीखालची जागा. मला संडासाजवळची. तीही, एक जुनी कैदी म्हणाली, फुकट मिळाली म्हणून समाधान मान.

मुलाखतीच्या, म्हणजे घरचे भेटायला यायच्या, दिवशी नावं पुकारली जायची. बायका केस विंचरून बसायच्या. पहिल्या काही वेळा मीही विंचरले. मग सोडून दिलं. पाड्यावरून कोण येणार? इतक्या लांबचं भाडं कुणाकडे असतं? शिवाय पोलिसांनी पाड्यावर जाऊन सांगितलं होतं, जो हिच्यामागे येईल त्याचंही नाव केसमध्ये घालू. हे मला नंतर कळलं. तुरुंगातून फोन करता येतो, पण मला एकही नंबर पाठ नव्हता. सगळे मोबाइलमध्ये, आणि मोबाइल ठाण्यात. एकच आठवत होता, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका बाईंचा. त्यांनी माझा आवाज ऐकला आणि फोन ठेवला. मी त्या बंद फोनमध्ये म्हटलं, "मामा जेवतात का, एवढंच विचारायचं होतं."

मग मी स्वतःला खायला लागले. काय मिळवलंस? एक वाक्य बोलून कोणाचं वाकडं केलंस? तो चालक नव्या टेम्पोवर असेल. आणि घरी म्हातारा चुलीशी चाचपडत असेल, नाहीतर नसेलही. ताटात भात आला की हात थांबायचा. बरॅकीत कोणी कांदा चिरला नाही तरी माझे डोळे गळायचे. शेजारची म्हणायची, "किती रडशील, उद्याला ठेव थोडं." तिच्यावरही मी खेकसायचे. मला मामांची भीती वाटायला लागली होती, ते गेले असतील याची, आणि असतील तर काय म्हणतील याची. गावात बातमी काय गेली असणार ते मला कळत होतं. अंगणवाडीवाली दारू विकत होती. मामांनी ते ऐकलं असणार. त्यांचे कान फार तिखट आहेत.

दिवाळीच्या सुमाराला सरकारने दिलेल्या वकील बाईंनी जामीन मिळवला. तरी सुटका होईना, कारण जामीनदार हवा, त्याच्या जमिनीचा उतारा हवा. शेवटी पाड्यावरच्या शेजारणीचा नवरा भीत भीत उभा राहिला, आणि मला न भेटताच कोर्टातून परस्पर निघून गेला. एक दिवस माझं नाव पुकारलं. मी आधी उठलेच नाही, मला वाटलं दुसरी कोणी असेल.

तलासरीपर्यंत एसटी, पुढे शेअर रिक्षा. रिक्षात ओळखीच्या दोन बायका होत्या. त्यांनी सरकून जागा दिली आणि बाहेर बघत राहिल्या. आमच्या शेतापाशी उतरले. भात कापून झालं होतं. कोणी कापलं, कुठे नेलं, काही ठाऊक नाही. घराला धूर नव्हता.

आणि बांधावर मामा बसलेले होते. मी बसले होते तिथेच. हाडांवर सदरा टांगलेला, दाढी वाढलेली, काठी मांडीवर. समोर गाडीच्या जागी नुसतं सुकलेलं गवत, आणि मी रोवलेली फांदी, पानं झडलेली, गाठ तशीच.

"कोण?" ते म्हणाले.

"मी, मामा."

त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाले, "आलीस. मालीक नाय आला अजून."

मला रडू यायला हवं होतं, आला राग. "मामा, गाडी त्याच दिवशी पोलिसांनी नेली! इथं काही नाही! रिकामी जागा राखत बसलात? उन्हात? कोणी जेवायला तरी घातलं का?"

"शेजारीण देते आणून, हितंच. गाडी नेली ता आवाज ऐकला मी. डोळं गेलं, कान नाय गेलं." त्यांनी काठीने चाचपून फांदीला टोचलं. "पण खूण तुझी हाय. लोकं बोलत व्हती, तिनं दारू इकली. मी मनात बोललो, कोणाला काय सांगू? हितं बसलो. जाता-येता त्यांना दिसल, राखण उठली नाय अजून. इकणारा कं खूण लावतो?"

मी खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. इतके दिवस मी मामांची काळजी केली होती. मामा माझ्या नावाची राखण करत होते, आणि मला तिकडे वाटत होतं, या जगात माझं कोणी नाही.

रस्त्यावरून सायकलवर जाणारा एक जण थांबला. मग दोन बायका. मी उठले, दोन्ही हातांनी फांदी धरली आणि उपटली. सुकलेली होती, पटकन आली.

"काढलीस?" मामांनी विचारलं.

"काढली."

तेव्हा ते काठी टेकून उठले आणि माझा खांदा शोधून त्यावर हात ठेवला.

"चल मंग, भात टाक," ते म्हणाले. "त्या दिवसाचा करपला."