कुतुबमिनार काकूंनी दाखवला

काम करताना कोणी बोलायला लागलं की समोरच्या फ्लॅटमधल्या काकू वर न बघता डावा हात उचलायच्या. "थांब. आधी हे." तांदूळ निवडत असोत की पेपर वाचत, ते संपेपर्यंत पुढचा माणूस ताटकळत उभा. सुरुवातीला तुम्हालाही राग आला असता. खालची आंटी तर म्हणायची, "बड़ी अफसर बनती है!"

काकू अफसर नव्हत्या. दिल्लीत एका मंत्रालयात स्टेनो होत्या. गाझियाबादहून ऑफिसवाल्यांसाठीच्या चार्टर्ड बसने जायच्या. बसमध्ये बाकीच्या बायका विणकाम करत, गप्पा मारत, भाजी निवडत. काकू झोपायच्या. फक्त झोपायच्या.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा नोएडात एका कारखान्यात फिटर. अभ्यास कसा करायचा, हे विचारायला घरात कोणी नव्हतं. आणि दिल्लीकडच्या मराठी घरांचं तुम्हाला माहीतच असेल. गावाकडून सतत कोणी ना कोणी दिल्ली बघायला येतं आणि उतरतं आपल्याकडे. बाबांना सुट्टी नाही, आईला हिंदी जमत नाही, म्हणून पाहुण्यांना फिरवायचं काम माझं. कुतुबमिनार मी जितका पाहिला, तितकं अर्थशास्त्राचं पुस्तक पाहिलं नव्हतं बहुतेक. दुसऱ्या वर्षी त्याच विषयात नापास झाले. तिसऱ्या वर्षी तो पेपर पुन्हा द्यायचा होता. आता राहिला तर शिक्षण बंद, असं घरात ठरलं.

परीक्षेच्या तोंडावर मामा-मामी आले, सोबत मामीच्या माहेरची माणसं. मी काकूंकडे दूध मागायला गेले.

"काकू, दिवसा यांना फिरवते, पहाटे उठून अभ्यास करते. जमेल ना?"

त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले, मगच बोलल्या. "फिरताना डोक्यात काय असतं तुझ्या?"

"अभ्यास."

"आणि अभ्यासाला बसलीस की?"

"पाहुणे."

"म्हणजे दोन्हीकडे तू नसतेसच की गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आमच्या दारात हजर. ऑफिसला सुट्टी टाकलेली, पायात बूट, खांद्याला पाण्याची बाटली. "चला, दिल्ली मी दाखवते."

मामी म्हणाली, "अहो, पण आमची भाची?"

"ती कामात आहे."

आमच्या घरात अभ्यासाला तोवर कोणी काम म्हटलं नव्हतं. माझ्या हातात आपल्या फ्लॅटची किल्ली देत त्या हळूच म्हणाल्या, "टीव्हीची केबल काढून ठेवलीय. शोधत बसू नकोस."

संध्याकाळी मामा पाय चोळत म्हणाला, "बाई आहे की हेडमास्तर! फोटो काढू देईना. म्हणे, आधी डोळ्यांनी बघा." पाहुणे परत जाईपर्यंत काकूंनी त्यांना फिरवलं. मी त्यांच्या शांत खोलीत बसून, आयुष्यात पहिल्यांदा, एक धडा न उठता संपवला.

काकू आता रिटायर होऊन नागपूरला गेल्या आहेत. त्यांची आठवण निघाली की मला निकालाचा दिवस दिसतो. सगळे विषय सुटले होते. घरीही न जाता मी त्यांच्या ऑफिसच्या गेटवर गेले. त्या खाली आल्या, माझा आत जायचा पास बनवून घेतला आणि मला वर नेलं. मग माझा हात धरून प्रत्येक टेबलापाशी थांबल्या. "ये हमारी लड़की है. बी.ए. हो गई."

तेवढ्यात मागून कोणी हाक मारली, "मॅडम, साब का फोन!"

"कह दो, सीट पे नहीं हूँ," काकू म्हणाल्या आणि मला शेजारच्या सेक्शनमध्ये घेऊन गेल्या.