मोगलाईतली हुंडी, बुधवारातला बट्टा

नवरा गेल्यावर पुण्याच्या बुधवार पेठेतलं आमचं शेल्यांचं दुकान मी चालवायला घेतलं, तेव्हा धाकट्या दिरांनी एकच अट घातली. पहिला मोठा व्यवहार बुडाला, तर दुकान त्यांच्या ताब्यात. मी हो म्हटलं. वाद घालत बसले असते तर दारातलं गिऱ्हाईक निघून गेलं असतं.

पहिला मोठा व्यवहार नेमका मोगलाईतला, म्हणजे निजामाच्या मुलखातला निघाला. हैदराबादच्या एका व्यापाऱ्यानं जरीचे शेले मागवले आणि किमतीची हुंडी धाडली. ती लिहिली होती तिकडच्या सावकारानं, आणि मुदत भरली की पैसे द्यायचे होते पुण्यातल्या एका पेढीनं. ही पेढी आमच्या दुकानासमोरच होती. मी रस्ता ओलांडून हुंडी दाखवली. मुनीमांनी ती उलटसुलट पाहिली आणि "सकारली" म्हणाले. म्हणजे मुदतीला पैसे देणं पेढीच्या अंगावर आलं. लगेच त्यांनी हात पुढे केला.

"बट्टा."

हुंडीतली रक्कम हैदराबादच्या नाण्यात होती आणि मला पुण्याचे रुपये हवे होते. या अदलाबदलीचा बट्टा पैसे देताना कापून घ्यायचा, अशी बाजाराची रीत.

"आत्ताच? अहो, पैसे तर मुदतीनंतर देणार ना?"

"आज भाव चढा आहे, बाई. उद्या उतरला तर नुकसान पेढीचं. आमच्याकडे नुकसान सोसायची पद्धत नाही."

चरफडत बट्टा दिला.

मुदत भरायच्या आधीच बातमी आली की हैदराबादच्या त्या सावकाराचं दिवाळं वाजलं. मुनीमांनी हुंडी परत माझ्या पुढ्यात ठेवली. "लिहिणारा मोगलाईतला, माल मोगलाईत, बुडाला मोगलाईत. कज्जा मोगलाईतला. तिकडच्या काजीकडे जावं आपण."

संध्याकाळी दीर आले. "वहिनी, दुकानाच्या किल्ल्या काढून ठेवा."

"कमरेला आहेत. तिथं बऱ्या आहेत," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांकडे फिर्याद दिली.

न्यायाधीश म्हणजे एक वयस्क शास्त्री होते. त्यांनी दोघांना समोर उभं केलं, मुनीमांचं म्हणणं आधी ऐकून घेतलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, परमुलखातल्या माणसावर आमचा हुकूम चालत नाही. तिथला कज्जा आम्ही इथं कसा घ्यावा?"

"शास्त्रीबोवा, परमुलखातला माणूस मला नकोच आहे. माझं भांडण रस्त्यापलीकडच्या पेढीशी आहे. हुंडी यांनी सकारली."

मुनीम हसले. "सकारली म्हणजे पाहिली, एवढंच. आमच्या धन्याचा आणि बाईंचा व्यवहार असा काही झालेलाच नाही."

"पाहण्याचा बट्टा घेतात का तुमच्याकडे?" मी विचारलं.

शास्त्रीबोवांनी मान वर केली. "बट्टा घेतलात? मुदतीच्या आधी?"

"घेतला."

"कुठल्या भावानं?"

इथं मुनीमांनी थांबायला हवं होतं. पण भावाचा प्रश्न म्हणजे त्यांच्या सचोटीचा प्रश्न, आणि बुधवारातला मुनीम त्यावर गप्प बसेल तर शपथ. ते ताठ झाले. "त्या दिवशीच्या बुधवार पेठेतल्या भावानं. पुण्याच्या चलनात, मी स्वतःच्या हातानं मोजून घेतला. एक छदाम जास्त निघाला तर पेढीला टाळं लावीन."

"म्हणजे भाव पुण्याचा, नाणं पुण्याचं, हातही पुण्याचा," शास्त्रीबोवा म्हणाले. "पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मात्र तुम्ही मोगलाईत जाऊन बसलात."

मागे बसलेल्या कारकुनाला खोकला आला. तो बराच वेळ थांबेना.

मग शास्त्रीबोवांनी निवाडा सांगितला. हुंडी कुठंही लिहिलेली असो, ती जिथं सकारली आणि जिथं पैसे देणं कबूल केलं, तिथलाच तो कज्जा. पेढीनं बाईंचे पैसे चुकते करावेत, आणि हैदराबादच्या सावकाराशी आपलं काय ते पेढीनं पाहावं. मुनीमांनी बट्ट्याविषयी आणखी काही सांगायला तोंड उघडलं. त्यांना बसायला सांगण्यात आलं.

जिंकणाऱ्यानं सरकारात हरकी भरायची असते. सरकारला पैसे देताना मला एरवी कधी आनंद झालेला नाही. त्या दिवशी मी ती हसत भरली, आणि येताना मुद्दाम मधल्या गल्लीनं न येता भर बाजारातून आले.

पेढीनं पैसे दिले. मी प्रत्येक रुपया पारख्याकडून वाजवून घेतला. मुनीम म्हणाले, "आमच्यावर एवढा अविश्वास, बाई?" मी म्हटलं, "नुकसान सोसायची पद्धत आमच्याकडेही नाही."

विणकरांची देणी त्याच दिवशी फिटली. दीर आले तेव्हा मी शेल्यांचा नवा गठ्ठा बांधत होते.

"हा कुठं चालला?"

"हैदराबादला."

"वहिनी, पुन्हा मोगलाईत?"

"माल जाईना का मोगलाईत. हुंडी मात्र पुण्यातल्या पेढीवरचीच घेणार. भाऊजी, रिकामे उभे आहात तर दोरीचं ते टोक धरा."

त्यांनी धरलं. मी गाठ आवळली.