एक्स्पेक्टेड म्हणजे आशा

आमसुलं वाळत घातल्याचा आंबट वास आला की मला मामाचं गुंद गावातलं अंगण आठवतं. मी तेव्हा अकरावीत होते आणि त्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. अंगणात आमसुलं वाळत होती त्या दिवशी, मामाला सकाळीच शहरातल्या दवाखान्यातून घरी आणून ओसरीवर निजवलं होतं. मामीने ओले हात लुगड्याला पुसले आणि डॉक्टरांचा कागद माझ्यापुढे धरला. "वाच गे पोरी, काय लिवलंय?" शेवटच्या ओळीतला एक लांबलचक शब्द मला कळला नाही, पण त्याच्या पुढचा 'एक्स्पेक्टेड' शाळेत घोकलेला होता. अपेक्षा. माणूस अपेक्षा चांगल्याचीच ठेवतो, असं मला वाटायचं, आणि कळलं नाही म्हणायची लाजही वाटली. मी म्हटलं, "आशा हाय म्हणून लिवलंय, मामी." मामी रडता रडता हसली. तिने गोव्यात कामाला असलेल्या मुलाला लगेच फोन लावला, "घाईनं येऊ नको रे, बाबा बरा व्हतोय, सणालाच ये." चौथ्या दिवशी मामा गेला. मुलगा पोचला तेव्हा चिता विझत आली होती. पुढे कॉलेजात मी तो लांब शब्द डिक्शनरीत शोधला: डिटेरिओरेशन, म्हणजे ढासळणं. प्रकृती ढासळत जाईल, एवढंच डॉक्टरांनी लिहिलं होतं. आता मी जोयड्याला मुलांना इंग्रजी शिकवते. मामी अजून म्हणते, "खोटं लिवलं त्या मेल्या डॉक्टरनं." मी मान डोलावते आणि तिने दिलेला चहा पिते.