मनगटावर बांधलेली वाट

आमच्या ह्यांनी सरकारी कारखान्यात आयुष्यभर यंत्रांच्या चाचण्या घेतल्या. घरी आणलेला मिक्सरसुद्धा आधी त्यांच्या हातून पास व्हावा लागतो, मग माझ्या हाती येतो. त्यामुळे लेकीने ह्यांच्या वाढदिवसाला ताण आणि झोप मोजणारा मनगटी पट्टा दिला, तेव्हाच जे. पी. नगरमधल्या आमच्या घराची प्रयोगशाळा होणार हे मी ओळखलं.

सकाळी झोप कशी लागली असं विचारलं, की हे आधी मोबाइलवर पट्ट्याचा निकाल बघायचे. मोबाइल 'उत्तम' म्हणाला की चेहरा खुलायचा. नाहीतर छान घोरून उठलेला हा माणूस दिवसभर जांभया देत बसायचा. दुपारी इथल्या कानडीत 'स्वल्प', म्हणजे जरासा, पडतो म्हणून आडवं व्हायचं आणि डोळ्याला डोळा लागला नाही असं सांगायचं, ही ह्यांची जुनी सवय. ती मात्र पट्ट्याने उघडी पाडली. तेवढ्यापुरता तो मला आवडला.

लेक सर्जापूर रोडला राहते. शहर एकच, पण ट्रॅफिकमुळे परगावी दिल्यासारखीच. ऑफिस आटोपलं की ती रोज संध्याकाळी बाबांना फोन करायची. पट्ट्याचे आलेख तिलाही दिसत. बाबांचा ताण रोज नेमका तिच्या फोनच्या सुमारास चढतो, हे तिच्या लक्षात आलं. बापाचीच मुलगी ती. कारण सापडलं, की ते काढून टाकायचं. "मी ऑफिसची रडगाणी ऐकवते त्याचाच हा त्रास," असं म्हणून तिने यापुढे फक्त रविवारी फोन करायचं ठरवलं. ह्यांनीही अगदी शहाण्यासारखी मान डोलावली. मला दोघांचाही राग आला.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळ झाली की हे मोबाइल हातात धरून गॅलरीत येरझारा घालू लागले. एकदा तर रिंग नीट वाजते का ते पाहायला माझ्या फोनवरून स्वतःलाच फोन लावला. आणि आलेख पाहावा तर फोन न आलेल्या संध्याकाळी ताण आणखी वर.

भार काढूनही काटा खाली येत नसेल तर दोष दुसरीकडे शोधायचा, हे ह्यांचंच वाक्य मी ह्यांना ऐकवलं. हे पेपरात तोंड घालून बसले. शेवटी मीच लेकीला फोन केला.

"अगं, बाबांचा ताण तुझ्या बोलण्याने नाही चढत. तुझी वाट बघण्याने चढतो. तू बोलायला लागलीस की उतरतो, तो भाग तू पाहिलाच नाहीस."

तिने फोन चालू ठेवूनच आलेख पुन्हा उघडला.

त्या संध्याकाळी ह्यांचा मोबाइल वाजला. लेकीचं नाव दिसताच ह्यांनी आधी घाईघाईने पट्टा सोडून टीपॉयवर ठेवला आणि मगच फोन उचलला.

"अरे, तू होय," हे म्हणाले. "मला वाटलं, आणखी कोणी असेल."